आम्ल, शिसे आणि काँक्रीट : गळती अडवणाऱ्या भिंतीची कथा

१/७
९ जानेवारी २०१४. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या चार्ल्स्टन शहरात सकाळपासून ज्येष्ठमधासारखा गोडसर वास दरवळत होता. सायंकाळी सुमारे तीन लाख लोकांना नळाचे पाणी पिण्यास, स्वयंपाकास आणि अंघोळीसही मनाई झाली. कारण होते नदीकाठची एक टाकी आणि तिच्याभोवतीची दुर्लक्षित भिंत.

२/७
जहाल रसायन कशात साठवावे, हा प्रश्न जुनाच आहे. सल्फ्युरिक आम्ल पूर्वी काचपात्रांत थोडे थोडे तयार होई. १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक याने शिशाच्या पत्र्याची दालने वापरली. आम्ल लागताच शिशावर लेड सल्फेटचा पापुद्रा धरतो. तोच आतल्या धातूचे चिलखत होतो.

३/७
१८२४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ आस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे टाक्यांभोवतीचे हौद व बांध काँक्रीटचे झाले. परंतु सिमेंटमधील चुना अल्कधर्मी. आम्ल त्याला विरघळवते. सल्फ्युरिक आम्लाने तर त्याचे जिप्सम होते, ते फुगते आणि काँक्रीट भुसभुशीत होते. शिशाचे चिलखत येथे नाही.

४/७
१९४५ मध्ये मेलबर्नच्या गटारांचा अभ्यास करताना सी. डी. पार्कर यांना याच झिजेमागे जिवाणू आढळले. सांडपाण्यातून उठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून ते सल्फ्युरिक आम्ल बनवत. म्हणून नळ तळाशी नव्हे, पाण्याच्या वरच्या कमानीत पोखरले जात.

५/७
यातून मार्ग निघाला तो कामाच्या वाटणीचा : भार काँक्रीटने पेलावा, आम्ल अस्तराने अडवावे. आम्लरोधक विटा, रबर, पीव्हीसी, इपॉक्सी ही ती अस्तरे. मात्र सांध्यात केसाएवढी भेग राहिली, तरी आम्ल अस्तरामागे शिरते आणि झीज नजरेआड चालू राहते.

६/७
चार्ल्स्टनचे रसायन आम्ल नव्हते. ते कोळसा धुण्याचे द्रव्य होते. पण धडा तोच. टाकीचा तळ गंजून भोके पडली. भोवतीच्या भिंतीला तडे होते. द्रव त्यांतून एल्क नदीत उतरला, आणि शहराला पाणी देणारे केंद्र थोडेच खाली होते.

७/७
त्याच वर्षी राज्याने जमिनीवरील टाक्यांच्या नोंदणीचा व तपासणीचा कायदा केला. टाकी ही पहिली भिंत, बांध ही दुसरी. पहिली फुटेपर्यंत दुसरीकडे कोणी पाहत नाही; आणि ती फुटते, तेव्हा डागडुजीची वेळ गेलेली असते.