पीस आणि पाणी

ज्या शब्दांवाचून आपले एक दिवसही चालत नाही, ते शब्द कोशात पाहण्याचे श्रम आपण सहसा घेत नाही. एखादा जडजंबाल संस्कृत शब्द अडला म्हणजे कोश खाली काढला जातो. 'पीस' किंवा 'पाणी' ह्यांच्यासाठी तो कोण काढील? परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता खरे मोल ह्या लहान शब्दांचेच अधिक आहे. मोठे शब्द बहुधा पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचलून आणलेले असतात. त्यांच्या अंगावर प्रवासाची धूळ नसते. लहान शब्द मात्र पिढ्यानुपिढ्या तोंडातोंडांतून घासत, झिजत आणि वाटेत भेटेल त्याचे काही घेत आपल्या उंबरठ्यापर्यंत चालत आलेले असतात. राजांच्या बखरी राजदप्तरांत सापडतात. सामान्य माणसांची बखर अशा शब्दांत सापडते. ह्या लेखात अशाच दोन शब्दांची चौकशी करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पीस घेऊ. त्याचे मूळ संस्कृत 'पिच्छ'. 'च्छ'चा 'स' कसा झाला अशी शंका वाचकांस येईल. परंतु हा अपवाद नव्हे, मराठीचा नियमच आहे. मत्स्य, कच्छप आणि पृच्छ् ह्या संस्कृत शब्दांपासून हिंदीत मछली, कछुआ आणि पूछना असे शब्द झाले, तर मराठीत मासा, कासव आणि पुसणे असे झाले. इक्षूचा ऊस झाला तोही ह्याच वाटेने. झ्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ 1920 साली छापला, व 1941 साली वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी तो मराठीत आणिला. ध्वनींचे असे नियम त्यात पद्धतशीर मांडलेले आहेत. आम्ही नागपुरात धंतोलीस राहणारी माणसे. येथे एका कानावर मराठी आणि दुसऱ्यावर हिंदी अष्टौप्रहर पडत असते. तेव्हा हा नियम शिकण्यास आम्हांस पुस्तकापर्यंत जावे लागत नाही. बाजारापर्यंत गेले तरी पुरते.

पिसाचे अर्थ थोडे, पण बोलके आहेत. हलकेपणाची परिसीमा म्हणजे पीस. मोराने ती फुलविली म्हणजे पिसारा. एखाद्याच्या ग्रंथाची टीकाकाराने निर्दयपणे चिरफाड केली, म्हणजे त्याची 'पिसे काढली' असे आपण म्हणतो. सोललेल्या कोंबडीचे चित्र डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. परंतु 'अमक्याला गाण्याचे पिसे लागले' असे म्हणतो, तेव्हा ते पिसे पक्ष्याचे नव्हे. ते 'पिसा' म्हणजे वेडा ह्या शब्दाचे भाऊबंद असून त्याचे मूळ 'पिशाच' शब्दात सांगतात. पिसाट आणि पिसाळलेला हे त्याच कुळातले. आणि कापडाच्या दुकानात जो 'पीस' फाडून देतात, तो तर इंग्रजीतून आलेला तुकडा. रूप एक, घराणी तीन. केवळ तोंडवळ्यावरून सोयरिक जुळवू नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा हाच.

ह्याच्या उलट, ज्यांचा तोंडवळा मुळीच जुळत नाही असे सख्खे संबंधीही निघतात. केळीचे पान, पुस्तकाचे पान आणि विड्याचे पान ह्या सर्वांतील 'पान' म्हणजे संस्कृत 'पर्ण'. वेदभाषेत ह्या शब्दाचा अर्थ पान असा होता, तसाच पंख किंवा पीस असाही होता; गरुडास 'सुपर्ण' म्हणतात ते त्याला सुंदर पाने आहेत म्हणून नव्हे, सुंदर पंख आहेत म्हणून. 'पत्र' शब्दाची कथा अशीच. 'पत्' म्हणजे उडणे. ज्याने उडावयाचे ते पत्र, म्हणजे पंख. पुढे ते झाडाचे पान झाले, पानावर लिहू लागले तेव्हा लेख झाले, आणि शेवटी टपालवाल्याच्या पिशवीत गेले. इंग्रजी 'फेदर' हाही ह्याच धातूचा वंशज. लॅटिनमध्ये पिसाला 'पेन्ना' म्हणत. युरोपात पिसाच्या देठाने लिहीत, म्हणून लेखणीचे नाव 'पेन' पडले. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून बोरू वापरीत, त्यामुळे आपल्या लेखणीस पिसाची आठवण नाही. पण आज शाळेतला मुलगा पेनाने पानावर पत्र लिहितो, तेव्हा त्याच्या एका वाक्यात तीन पिसे असतात. ती त्याला जड होत नाहीत, हेच पिसाचे पीसपण.

आणखी एक पीस आपल्या घरात आहे, त्याचे नाव 'पर'. हा शब्द फारसीतून आला. 'पराचा कावळा करणे' ह्या वाक्प्रचारात तो इतका मुरला आहे की त्यास परका म्हणण्याचे धैर्य कोणास व्हावयाचे नाही. गंमत ही की फारसी 'पर' व संस्कृत 'पर्ण' हे मुळात एकच. इराण आणि हिंदुस्थान ह्यांच्या भाषा ज्या काळी एकत्र नांदत होत्या, त्या काळचा एक शब्द दोन वाटांनी चालला; एक वाट प्राकृतांमधून 'पान' होऊन आली, दुसरी मुसलमानी राजवटींबरोबर 'पर' होऊन आली; आणि कित्येक शतकांच्या ताटातुटीनंतर दोघे भाऊ एकाच मराठी ओसरीवर येऊन बसले. त्यांनी एकमेकांस ओळखले नाही, हे खरे.

आता पाण्याकडे वळू. 'पाणी' हा शब्द संस्कृत 'पानीय' ह्यापासून झाला. पानीय हे मुळात नाम नव्हे, विशेषण होय, अर्थ, पिण्याजोगे. पाण्याची जुनी नावे निराळी होती: उदक, आप, वारि, तोय. त्यांपैकी उदकाचे कूळ तर इंग्रजी 'वॉटर'पर्यंत पोहोचते. परंतु ही सारी कुलीन नावे पोथीत राहिली, आणि घरात कोण शिरले? तर तहानेच्या दृष्टीने दिलेले हे साधे विशेषण. नदी, मेघ, समुद्र ह्यांच्या वैभवाशी त्याला कर्तव्य नव्हते. पिता येते ना, मग ते पाणी.

ह्या ठिकाणी ध्वनीची एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. 'पानीय' शब्दात 'न' होता, त्याचा मराठीने 'ण' केला. 'पर्ण' शब्दात 'ण' होता, त्याचा 'न' करून 'पान' बनविले. ही लहर नव्हे. स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'न' मराठीत 'ण' होतो, म्हणून स्थानाचे ठाणे आणि भगिनीची बहीण. व जोडाक्षरातला 'ण' झिजून 'न' होतो, म्हणून कर्णाचा कान. पुढे वऱ्हाड-नागपूरकडील बोलीने ह्या 'ण'चा पुन्हा 'न' केला, आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'पानी' आले. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड 1905 साली निघाला. बोलीचा हा विशेष त्यात नमूद आहे. आमच्या धंतोलीसारख्या वकील-डॉक्टरांच्या वस्तीत मुलाने 'पानी' म्हटले की त्यास ताबडतोब टोकले जाते. प्रमाण भाषा शिकवावी ह्यात वाद नाही. परंतु टोकणाराच्या स्वरात जो तुच्छभाव असतो, त्याला भाषाशास्त्रात आधार नाही. 'न'चा 'ण' करणारे आपले पूर्वज जर अशुद्ध बोलत नव्हते, तर 'ण'चा 'न' करणारा शेतकरी तरी अशुद्ध कसा बोलतो? पाणी एकच; घाट निराळे.

पाण्याच्या अर्थांचा पसारा मोठा आहे. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला व 1857 साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती झाली; दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 ह्या काळात सात विभागांत पुरा झाला. ह्या दोहोंपैकी कोणताही उघडून वाचकांनी 'पाणी' हा शब्द पाहावा. 'यंदा पाणी नाही' म्हणजे पाऊस नाही. 'त्याला तिकडचे पाणी लागले' म्हणजे हवामान बाधले. 'हक्कावर पाणी सोडले' ह्यात दानाच्या वेळी हातावरून उदक सोडण्याचा विधी शिल्लक आहे; विधी करणारे विरळ झाले, वाक्प्रचार उरला. 'केल्या कामावर पाणी पडले', 'कोठे तरी पाणी मुरते आहे', 'तो मला पाण्यात पाहतो' असे प्रयोग तर पदोपदी. पीकपाणी, औषधपाणी, चहापाणी ह्या जोडशब्दांत पाणी 'इत्यादी' एवढ्याच अर्थाचे झाले आहे. त्यांतील शेवटच्या चहापाण्यास कचेऱ्यांतून जो विशेष अर्थ आला, तो वाचकांस सांगावयास नको.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगा अर्थ निराळाच आहे. रत्नाचे तेज म्हणजे पाणी. इंग्रजीतही हिऱ्याच्या तेजास पाणीच म्हणतात. तलवार तापवून बुडविली म्हणजे तिला पाणी चढते. ह्यांवरून माणसाच्या अंगचे तेज म्हणजेही पाणी. आपण प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखतो, त्याला पाणी पाजतो, प्रसंगी आपले पाणी दाखवितो. मानी माणूस तो पाणीदार. आणि त्याचा अपमान तो पाणउतारा, म्हणजे अंगावरचे हे तेज उतरविणे. फारसीत पाण्यास 'आब' म्हणतात. तो संस्कृत 'आप'चा भाऊ, जसा 'पर' हा पर्णाचा. आबाचा अर्थही तेज आणि प्रतिष्ठा असा होतो, म्हणून आपण कुळाची आब राखतो. आणि 'अब्रू'? ती मुळात 'आब-इ-रू', चेहऱ्याचे पाणी. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते ह्यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द सिद्ध केले. तरीही ज्या गोष्टीसाठी मराठा प्राण देईल, तिचे नाव अब्रू असेच राहिले. त्यात कमीपणा काहीच नाही. गुलाबही मुळात 'गुल-आब', फुलाचे पाणी. अरबांच्या तोंडी तोच 'जुलाब' झाला, आणि आपल्याकडे एक बागेत व दुसरा वैद्याकडे गेला! मात्र हिशेब, जबाब, शराब ह्यांतही हेच आब आहे असे कोणी समजू नये. ते अरबी शब्द होत. तेथे पाणी शोधणे म्हणजे पराचा कावळा करणे.

येथवर सारे गोड झाले. परंतु इतिहासाने केवळ गोड तेवढेच सांगावे असा नियम नाही. 'त्यांचे पाणी आपल्यात चालते काय?' हा प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला. ह्या वाक्यातील पाणी म्हणजे पाऊस नव्हे, तेज नव्हे. ते जात होय. हातांच्या स्पर्शाने पाणी 'बाटत' असे. इंग्रजी अमलात रेल्वेच्या स्टेशनांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी अशी निरनिराळी पाणी मिळत, आणि त्याचे कोणास नवल वाटत नसे. ज्या भाषेने तेज आणि पाणी एक मानले, त्याच भाषेच्या लोकांनी आपल्यातील लक्षावधी माणसांस पाणवठ्यापासून दूर ठेविले. म्हणजे एका अर्थाचे पाणी बंद करून दुसऱ्या अर्थाचेही उतरविले. पाणउतारा ह्या शब्दाचा ह्याहून शब्दशः प्रयोग दुसरा कोणता असेल?

म्हणूनच आमच्या मते ह्या शब्दाच्या इतिहासात 20 मार्च 1927 ही तारीख कोणत्याही ध्वनिनियमाहून मोठी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली मान्य केला होता. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. पण कागदावरचे पाणी कोणाची तहान भागवीत नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागाहून सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली. वाद कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने 1937 साली लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! तहान भागविण्यासाठी काही कोणी महाडास गेले नव्हते. गेले ते पाणी ह्या शब्दाचे तुटलेले दोन अर्थ पुन्हा जोडण्यासाठी. जे प्यावयाचे ते पाणी, आणि जे माणसाच्या चेहऱ्यावर असावयाचे तेही पाणी. त्या चळवळीचा प्रवाह पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी आमच्या नागपुरातच एका महान वळणास येऊन पोहोचला, हे येथील लहान मूलही जाणते.

कोणी म्हणेल, शब्दांच्या चौकशीत ही चर्चा कशास हवी? आमचे उत्तर एवढेच की कोशातील अर्थ आकाशातून पडत नाहीत. माणसे जशी एकमेकांशी वागतात, तसे ते साचत जातात. फारसी बोलणारे आले, त्यांनी पर आणि आब ठेविले. इंग्रज आले, त्यांनी पेन ठेविले. आपण जाती मांडल्या, तर भाषेने तेही टिपून ठेविले. पीस वाऱ्यावर उडून कोठेही जाते, आणि त्याला कोणी अडवीत नाही. पाण्याला मात्र माणसाने बांध घातले, टाक्या बांधल्या, आणि ओंजळींत भेद केला. 'चालणारे' आणि 'न चालणारे' पाणी हा अर्थ शहरांतील बोलण्यातून पुष्कळसा मावळला आहे; पण सार्वजनिक विहिरीवरून किंवा माठावरून आजही कोठे माणसाला हात उगारला गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा तो अर्थ अजून जिवंत असल्याचे कळते. कोशकाराने तो अर्थ 'जुना' म्हणून खुणेने दाखवावा की नाही, हे कोशकाराच्या हाती नाही. आपल्या हाती आहे. 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे, एवढेच आपल्या पूर्वजांनी सांगितले होते. कोणी प्यावे, हे त्या शब्दात कोठेही सांगितलेले नाही.