हॅकिंटॉश

ॲपल कंपनीने न बनवलेल्या संगणकावर ॲपलची मॅक ओएस ही कार्यप्रणाली चालवली, की त्या संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. ‘हॅक’ आणि ‘मॅकिंटॉश’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून हे नाव रूढ झाले. लॅपटॉपचाही हॅकिंटॉश करता येतो, पण लॅपटॉपमधले भाग कंपनीने ठरवलेले असतात आणि त्यातले बरेचसे बदलता येत नाहीत. त्यामुळे या विद्येचे खरे क्षेत्र म्हणजे बाजारातून एकेक भाग पारखून घेऊन जोडलेला डेस्कटॉप. ॲपलचा याला पाठिंबा नाही. मॅक ओएस फक्त ॲपलच्या नावाच्या संगणकावरच बसवावी, अशी अट तिच्या वापर-करारातच आहे.

हॅकिंटॉश बनवणे ही कुलूप तोडण्याची कला आहे, असा एक समज आहे. कुलूप आहे, पण ते या कामाचा लहानसा भाग आहे. खरे काम ओळख करून देण्याचे आहे. विंडोज किंवा लिनक्स अनोळखी मदरबोर्डवरही चाचपडत स्वतःची वाट काढतात, कारण शेकडो कंपन्यांच्या संगणकांवर चालायचे हे गृहीत धरूनच त्या लिहिलेल्या असतात. मॅक ओएसला तशी सवयच नाही. तिला ॲपलने विकलेली मोजकी मॉडेले ठाऊक असतात आणि त्यांच्यात ज्या चिपा बसल्या तेवढ्यांचेच ड्रायव्हर तिच्याजवळ असतात. म्हणून तिला आधीच ओळखीचे असतील असे भाग निवडायचे आणि उरलेल्यांची माहिती तिला समजेल अशा भाषेत पुरवायची, अशी कामाची विभागणी होते. निवड चुकली तर पुढे कितीही रात्री जागवल्या तरी ती भरून निघत नाही.

पूर्वपीठिका : १९९५च्या सुमारास ॲपलने स्वतःच पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या काही कंपन्यांना मॅकसारखे संगणक बनवायचे परवाने दिले होते. स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतल्यावर १९९७मध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला. ते संगणक परवानगीने बनत होते आणि त्यांत मॅकप्रमाणेच पॉवरपीसी प्रोसेसर होते, म्हणून त्यांना हॅकिंटॉश म्हणता येणार नाही. घराघरातल्या पीसीवर मॅकची प्रणाली चालण्याची शक्यता निर्माण झाली ती ६ जून २००५ रोजी, मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार असे जॉब्सने जाहीर केले तेव्हा. त्या वेळी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सरावासाठी ९९९ डॉलर घेऊन एक संच भाड्याने देण्यात आला. बाहेरून पॉवर मॅक जी ५ची पेटी आणि आत ३.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४, म्हणजे जवळजवळ साधा पीसीच. या संचाबरोबरची टायगर, म्हणजे १०.४ आवृत्ती, त्याच वर्षी फुटली आणि इतरांच्या पीसीवर चालू लागली. इंटेलचे पहिले मॅक जानेवारी २००६मध्ये आले. विकत घेता येणारा इंटेलचा मॅक येण्याआधीच हॅकिंटॉश जन्माला आला होता.

कुलूप : इंटेलच्या मॅकच्या मदरबोर्डवर एसएमसी नावाची एक छोटी चिप असते. पंख्यांचा वेग, तापमान, वीज यांच्यावर लक्ष ठेवणे हे तिचे रोजचे काम. ॲपलने तिच्यात आणखी एक गोष्ट ठेवली : ३२-३२ अक्षरांच्या दोन किल्ल्या. फाइंडर, डॉक असे काही महत्त्वाचे प्रोग्रॅम डिस्कवर कूटबद्ध असतात आणि ते उलगडताना प्रणाली एसएमसीकडे या किल्ल्या मागते. मागणी करणाऱ्या विस्तार-फाइलचे नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असे आहे, आणि त्या ६४ अक्षरांचे मिळूनही चोरी न करण्याची विनंती करणारे वाक्य होते. कूटलेखनाच्या किल्लीत कोणी आर्जव लिहून ठेवल्याचे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. पीसीत ही चिप नसते, तेव्हा तिच्या वतीने उत्तर देणारा प्रोग्रॅम लागतो. आधी फेकएसएमसी हा होता, पुढे त्याची जागा व्हर्च्युअलएसएमसीने घेतली.

बूटलोडर : सुरुवातीच्या काळात मूळ प्रणालीत आधीच फेरफार केलेल्या डीव्हीडी फिरत. आयएटकॉस, कॅलीवे ही त्यांतली गाजलेली नावे. डिस्क घालायची, यादीतल्या चौकटींवर खुणा करायच्या आणि वाट पाहायची. चालले तर का चालले हे कळत नसे, आणि ॲपलचे पुढचे अपडेट घेतले की सगळे कोसळे. या पद्धतीने पुष्कळांना मॅक ओएसची ओळख झाली हे खरे, पण त्यातून हाती ज्ञान काही लागत नव्हते, आणि अनोळखी माणसाने बदललेली प्रणाली आपल्या संगणकात घेणे धोक्याचेही होते.

वळण आले ते ‘व्हॅनिला’ विचाराने. ॲपलची प्रणाली डिस्कवर जशीच्या तशी, अक्षरही न बदलता ठेवायची आणि लागतील ते बदल संगणक सुरू होताना फक्त मेमरीत करायचे, हा तो विचार. हे काम बूटलोडर करतो. आधी कॅमेलिअन, मग २०११च्या सुमारास क्लोव्हर आणि २०१९पासून ओपनकोअर, अशी ही परंपरा आहे. २०२०च्या बिग सर आवृत्तीपासून ॲपलने प्रणालीचा सगळा भागच मोहोरबंद केला. फेरफार केलेल्या डीव्हीडीच्या पद्धतीला तिथे जागाच उरली नाही, ओपनकोअरवाल्यांना मात्र फारसे काही वाटले नाही. ओपनकोअरबरोबर मिळणारा मार्गदर्शक दस्तऐवज शेकडो कलमांचा आहे. त्यातले प्रत्येक कलम काय करते आणि कोणी ते वापरू नये, हे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. पगार न घेता केलेल्या तांत्रिक लेखनाचा तो उत्तम नमुना मानावा लागेल.

भागांची निवड : ॲपलने मॅकमध्ये काय वापरले, हा एकच निकष. इंटेलची दहावी पिढी २०२०च्या आयमॅकमध्ये होती, म्हणून झेड ४९० चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर आय ७-१०७०० किंवा आय ९-१०९०० हा अनेक वर्षे सर्वांत सुरळीत चालणारा जोड ठरला. अकराव्या पिढीचा प्रोसेसर ॲपलने घेतलाच नाही, त्यामुळे त्याच्या अंगभूत ग्राफिक्सला ड्रायव्हर नाही. एएमडीचे प्रोसेसर कधीच कोणत्या मॅकमध्ये नव्हते. तरी ते चालतात, पण त्यासाठी प्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, दर वेळी मेमरीत ठिगळे लावावी लागतात आणि प्रोसेसरमधल्या कोअरची संख्याही हाताने लिहावी लागते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा निकष सर्वांत कठोर आहे. एनव्हिडियाच्या त्या वेळच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर २०१७च्या हाय सिएरा आवृत्तीपर्यंतच निघाले. पुढच्या वर्षी मोहावी आली आणि महागडी कार्डे घेऊन बसलेले लोक जुन्या आवृत्तीवरच अडकून पडले. एएमडीच्या आरएक्स ५८०ने मग कित्येक वर्षे राज्य केले. पुढच्या एका मालिकेत तर शिकण्यासारखी गंमत आहे : आरएक्स ६६००, ६८०० आणि ६९०० ही कार्डे चालतात, मधले ६७०० एक्सटी मात्र मुळात चालत नाही. ते कमी दर्जाचे आहे म्हणून नव्हे, तर त्यातली चिप ॲपलने एकाही मॅकसाठी उचलली नाही म्हणून. दुकानदार ‘६८०० चालते, मग हेही चालेलच की’ असे मनापासून सांगतो आणि घेणारा फसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन पीसी असेंबल करून घेण्याची रीत जुनी आहे, आणि तिथे घासाघीस करताना किमतीवर जेवढे लक्ष असते तेवढे या कामात पेटीवरच्या मॉडेल क्रमांकावर ठेवावे लागते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की आतली चिप वेगळी असू शकते.

वायफायचेही तसेच. खऱ्या मॅकमध्ये असते तीच ब्रॉडकॉमची चिप असलेले कार्ड बसवले, की वायफाय, ब्लूटूथ, एअरड्रॉप सगळे आपोआप चाले. २०२३च्या सोनोमा आवृत्तीतून ॲपलने त्या जुन्या चिपांचे ड्रायव्हर काढून टाकले आणि सर्वांत भरवशाचे कार्ड एका अपडेटने निकामी झाले.

जोडणी आणि मांडणी : भाग कॅबिनेटमध्ये बसवणे इतर पीसीसारखेच. बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि सीएसएम बंद करायचे, अबव्ह फोर जी डिकोडिंग चालू करायचे आणि सीएफजी लॉक सापडला तर तोही काढायचा. हा लॉक प्रोसेसरच्या वीजनियंत्रणाच्या एका नोंदीवर लिहायला बंदी करतो. मॅक ओएस तिथे लिहायला जाते आणि नाकारले गेले की जागीच कोसळते.

त्यानंतर पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचे एक फोल्डर तयार करायचे. त्यात बूटलोडर, केक्स्ट म्हणून ओळखले जाणारे छोटे ड्रायव्हर आणि कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही मांडणीची फाइल असते. लिलू, व्हॉटेव्हरग्रीन आणि ॲपलएएलसी ही तीन केक्स्ट बहुतेक ठिकाणी लागतातच. शेवटचे आवाजासाठी आणि मधले ग्राफिक्ससाठी. मदरबोर्ड आपल्या भागांची यादी एसीपीआय तक्त्यांतून प्रणालीला देतो. ती यादी मॅक ओएसला जिथे कळत नाही तिथे दुरुस्तीचे पुरवणी-तक्ते, म्हणजे एसएसडीटी, जोडायचे. नव्या बोर्डांवर घड्याळ एडब्ल्यूएसी या नावाने नोंदलेले असते. मॅक ओएसला फक्त आरटीसी हे जुने घड्याळ ठाऊक. ते दिसले नाही तर ती पुढे सरकतच नाही. काही ओळींचा एक तक्ता जुने घड्याळ पुन्हा चालू करतो आणि अडलेली गाडी सुटते. अशा वेळी ‘ओळख करून देणे’ म्हणजे काय ते नेमके कळते.

पहिल्यांदा सुरू करताना सफरचंदाच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर धावणाऱ्या ओळी दिसतील असा ‘व्हर्बोज’ पर्याय ठेवतात. गाडी कुठे अडते ते शेवटच्या ओळीवरून ओळखायचे असते. तिचा फोटो काढायचा, तिच्या वरच्या वीस ओळी वाचायच्या, एक बदल करायचा, पुन्हा सुरू करायचे. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडणाऱ्याला दोन दिवसांनी आपण काय केले होते तेच आठवत नाही.

यूएसबी पोर्टांची मोजणी हे यातले सर्वांत किचकट काम, आणि बहुतेकांची घाई इथेच नडते. २०१५च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून मॅक ओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानते. पंधरा पुष्कळ वाटतात, पण यूएसबी ३चे प्रत्येक निळे तोंड दोन पोर्ट धरते, एक जुन्या वेगासाठी आणि एक नव्या. शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या तोंडांकडे जाणाऱ्या तारा आणि वायफाय कार्डाच्या ब्लूटूथला लागणारी आतली जोडणी, याही धराव्याच लागतात. म्हणून एक जुना आणि एक नवा असे दोन पेनड्राइव्ह घेऊन संगणकाच्या मागे बसायचे. प्रत्येक तोंडात दोन्ही घालून पडद्यावर कोणती नोंद उजळते ते कागदावर टिपायचे, एचएस ०३, एसएस ०३ असे. मग कोणती पंधरा ठेवायची ते ठरवायचे. ब्लूटूथचा पोर्ट ‘अंतर्गत’ आहे हे सांगणारा २५५ हा अंक लिहायला विसरले, तर झोपवलेला संगणक पुष्कळदा क्षणात जागा होतो आणि माणूस आठवडाभर ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहतो.

संगणकाने स्वतःला मॅकचे कोणते मॉडेल म्हणवून घ्यायचे, तेही ठरवावे लागते. वर सांगितलेल्या दहाव्या पिढीच्या जोडणीला आयमॅक २०,१ किंवा २०,२ शोभते. त्यासोबत अनुक्रमांक तयार करतात. तो खऱ्या कोणा ग्राहकाच्या मॅकचा नाही याची खात्री करून घेणे ही सभ्यतेची किमान पायरी आहे.

उपयोग आणि वापरकर्ते : २०१३चा नळकांड्यासारखा मॅक प्रो सहा वर्षे तसाच राहिला. त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायची सोय नव्हती. फायनल कट आणि लॉजिक या प्रोग्रॅमांवर पोट असलेल्या संकलक-संगीतकारांपैकी अनेकजण त्या काळात हॅकिंटॉशकडे वळले. २०१९चा मॅक प्रो आला तो ५,९९९ डॉलरपासून पुढे. दुसरा मोठा वर्ग आयफोनची ॲप्स लिहायला शिकणाऱ्यांचा, कारण त्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅक ओएसवर चालते. भारतात मॅकची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. जोडलेल्या पीसीवर एक्सकोड उघडले तर शिकणे सुरू होते, नाहीतर राहून जाते. करार मोडतो हे मान्य करूनही, शिकण्याच्या या वाटेला चोरीच्या रांगेत बसवणे प्रस्तुत नोंदकाराला न्याय्य वाटत नाही.

विक्रीची गोष्ट वेगळी. एप्रिल २००८मध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने मॅक ओएस बसवलेले पीसी उघडपणे विकायला काढले. आधी त्यांचे नाव ओपनमॅक होते, ते लगेच बदलून ओपन कॉम्प्युटर केले. जुलैमध्ये ॲपलने दावा लावला. प्रणालीच्या प्रती आम्ही विकतच घेतल्या आहेत, हा सायस्टारचा बचाव न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी नोव्हेंबर २००९मध्ये फेटाळला आणि डिसेंबरमध्ये कायमचा मनाई हुकूम निघाला. अपील न्यायालयाने २०११मध्ये तो उचलून धरला. घरात स्वतःपुरता हॅकिंटॉश बनवणाऱ्या सामान्य माणसावर मात्र ॲपलने असा गाजलेला खटला भरलेला नाही.

अखेरचा काळ : जून २०२०मध्ये ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरकडे जाण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये एम १ आला. २०२३मध्ये मॅक प्रोही तिकडे गेला आणि इंटेलच्या मॅकची विक्री संपली. सप्टेंबर २०२५मध्ये आलेली टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. एम मालिकेची चिप सुटी बाजारात मिळत नाही आणि तिची ग्राफिक्सची रचना इतरत्र नाही, त्यामुळे भाग निवडण्याचा प्रश्नच मिटतो.

जोडलेले डेस्कटॉप वाया जात नाहीत. तेच भाग लिनक्सवर किंवा विंडोजवर विनातक्रार चालतात. बूटलोडरचे कामही संपलेले नाही. ओपनकोअर लेगसी पॅचर या नावाने तेच तंत्र आता ॲपलने वाऱ्यावर सोडलेल्या अस्सल मॅकसाठी वापरले जाते. २०१२च्या मॅकबुक प्रोला ॲपलने २०१९च्या कॅटलिनानंतर नवी आवृत्ती दिली नाही. या पॅचरने त्यावर सोनोमा चालते, आणि त्याच्या वायफायचा सोनोमातून काढून टाकलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हरही परत बसतो.