पाक, मळी आणि जळलेली साखर

‘काव्यमीमांसे’तील पाकविचार शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. राजशेखराने काव्याच्या परिपक्वतेचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांना नावे दिली आहेत ती फळांची: निंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी, नारळ. आरंभी कसे लागते आणि शेवटी कसे लागते, एवढ्या एका कसोटीवर ही सारी वर्गवारी उभी आहे. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र पाक म्हटले की गुलाबजाम येतात. वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा, असे आमचे मत आहे. कारण मराठीत ‘पाक’ या शब्दाने शिजण्याची क्रिया आणि साखरेचा दाट द्रव, असे दोन्ही अर्थ एका घरात नांदतात आणि त्यामागे काही इतिहास आहे.

हा लेख लिहिण्याचे निमित्तही वर्गातच मिळाले. डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीने घरी केलेल्या कॅरमेल सिरपची बाटली स्टाफरूममध्ये आणली. थंड कॉफीत घालायचे, आइस्क्रीमवर ओतायचे, असे तिने सांगितले. कसे केले, असे विचारल्यावर ती क्षणभर अडखळली आणि म्हणाली, “साखर जाळून केलंय.” एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे बारकावे ज्या भाषेत आहेत, त्या भाषेत या पायरीला मात्र ‘जाळणे’ याखेरीज शब्द सापडू नये, ही गोष्ट आम्हां दोघांच्याही मनात घर करून राहिली. आमच्यापैकी एकजण ठाण्याचा, दुसरा डोंबिवलीचा. त्यानंतरचे बरेचसे लोकलप्रवास याच चर्चेत गेले.

प्रथम जुन्या शब्दांकडे पाहू. कौटिल्याने क्षारवर्गात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा ही नावे एका ओळीत दिली आहेत. यातील फाणित म्हणजे जवळजवळ आपली काकवी. सुश्रुतसंहितेत याच पदार्थांची चढती भाजणी आहे: जो जो मळ निघून पदार्थ निर्मळ होत जातो, तो तो त्याची गोडी आणि शीतलता वाढते, असा तेथील अभिप्राय आहे. म्हणजे पांढरेपणाचा मान हा काही साखर कारखान्यांनी निर्माण केलेला नाही. तो आपल्या वैद्यकाइतका जुना आहे. खंडाचा अरबीत ‘कंद’ झाला, इंग्रजीत ‘कँडी’. शर्करेचे प्राकृतात ‘सक्कर’, मराठीत ‘साखर’, अरबीत ‘सुक्कर’. उलट दिशेने ‘शरबत’ आपल्याकडे आले आणि त्याच अरबी धातूतून निघालेले ‘सिरप’ युरोप फिरून इंग्रजीच्या हाताने आले. ‘कॅरमेल’ हा शब्द इंग्रजीला फ्रेंचकडून मिळाला आणि फ्रेंचला स्पॅनिश-पोर्तुगीज ‘कारामेलो’वरून.

या प्रवासात आमच्या कल्याणचा वाटा आहे का? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात ‘कल्लिएना’ या बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी तेथे रीतसर व्यापार चालत असे, पुढे सत्ता बदलल्यावर ग्रीक जहाजांना तेथे अटकाव झाला आणि ती पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लेखक सांगतो. त्याच पुस्तकात अन्यत्र, अरियाके आणि भडोच येथून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. तीत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल यांच्या जोडीला ‘साक्खरी नावाचा वेतातला मध’ आहे. साखरेला दुसरे नाव नसल्याने त्या व्यापाऱ्याने तिला मध म्हटले. शब्द नसला की माणूस जवळचा शब्द उसना घेतो; आमची विद्यार्थिनी ‘जाळून’ म्हणाली, ती याच रीतीने. (जाता जाता: सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ पाककृतींसाठी प्रसिद्ध आहे आणि तो ‘कल्याण’चा म्हणून कधीकधी आमच्या शहराच्या खात्यावर मांडला जातो. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. उधारीचा गौरव नको.)

आता पांढरेपणाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खरे मर्म तेथे आहे. संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी केला असेल त्यांना हे ठाऊक आहे. मंद आचेवर परात, तीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमच्याने थोडा थोडा पाक आणि बोटांनी सतत फिरवणे. काटा येणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो शुभ्र राहणेही महत्त्वाचे. पहिल्या संक्रांतीला नववधूच्या काळ्या साडीवर जे हलव्याचे दागिने शोभतात, ते त्या शुभ्रतेमुळेच. त्यासाठी पाक उकळत असताना त्यात चमचाभर दूध घालतात. वर करडा फेस जमतो, तो काढून टाकतात. या फेसाला मळी म्हणतात. आणि साखर कारखान्यात साखर वेगळी झाल्यावर जे काळसर दाट द्रव्य उरते, त्यालाही आपण मळीच म्हणतो. स्वयंपाकघर आणि कारखाना या दोघांनी एकच शब्द वापरावा, हा योगायोग नव्हे. उसाच्या रसातले जे जे रंगीत, ते ते मळ, ही दृष्टी दोन्हीकडे एकच.

या मळीत बरेच काही होते. काकवीला जो गहिरा, किंचित कडवट, मातकट सुवास असतो, तो त्या रंगाचाच असतो. ऊस उकळताना शर्करा आणि रसातील अन्य द्रव्ये एकमेकांवर क्रिया करतात व तांबूस रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. पांढरी साखर करताना हे सारे बाजूला काढले जाते. आणि मग कॅरमेल करण्यासाठी आपण तीच पांढरी साखर पुन्हा 170 अंशांच्या आसपास तापवून तिच्यातून नवा रंग, नवा कडवटपणा निर्माण करतो. काकवी आणि कॅरमेल यांची चव एक नव्हे, हे मान्य. पण जिभेची ओढ मात्र एकाच दिशेची आहे, असे आम्हांस वाटते.

ही ओढ मधल्या काळात दबली, त्याला अर्थकारण कारण आहे. 1932 मध्ये देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि कारखाने वाढले. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. पांढरी साखर घरोघरी पोचली, पण मोजून. रेशनकार्डावरील साखरेचा मान काय होता, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. पाहुण्यांना साखरेचा चहा आणि घरच्यांना गुळाचा, ही विभागणी कित्येक घरांत होती. गूळ हा गरिबीचा पुरावा होता. (गुळाच्या चहाची दुकाने थाटात उघडलेली पाहून आमच्या आधीच्या पिढीला काय वाटत असेल!)

अशा घरात साखर जाळणे हा अपराध होता. आमच्यापैकी एकाच्या बालपणी, डोंबिवलीच्या चाळीत, दिवाळीच्या रव्याच्या लाडवांचा पाक शेगडीवर असताना आजी दाराशी कुणाशी बोलत राहिली. परत आली तेव्हा पातेल्यात तांबडे-काळे काहीतरी फसफसत होते आणि घरभर वास. महिन्याच्या साखरेतली अर्धा किलो गेली होती. आजी रडली. तिने ते फेकले मात्र नाही. भीतभीत गरम पाणी ओतले, ढवळले, बाटलीत भरले आणि पुढे आठ-दहा दिवस घरातल्या सगळ्यांच्या चहात तेच घातले. चहा कडसर लागे. कुणी तक्रार केली की आजी अपमान झाल्यासारखी गप्प बसे. आज हिशेब केला तर आजीने केले होते ते कॅरमेल सिरपच, थोडे अधिक जळलेले. पण तिच्या लेखी ती चूक होती आणि आम्हीही ती चूक म्हणूनच प्यालो. पाककृती आणि अपघात यांत कधीकधी फक्त नावाचे अंतर असते.

आपल्या परंपरेत तांबूसपणा नव्हताच, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. साताऱ्याचा कंदी पेढा खवा परतूनच तपकिरी होतो. ठाणे-कल्याणच्या कायस्थ प्रभू घरांत निनाव करतात, तो वरखाली आच देऊन खरपूस झाला नाही तर त्याला निनाव कोण म्हणेल? चिक्की तर पाक कडक होऊन पाण्यात टाकलेला थेंब मोडताना वाजेपर्यंत नेल्याशिवाय होतच नाही. तिच्यासाठी ‘चिक्कीचा गूळ’ ही स्वतंत्र वस्तू वाण्याकडे मागितली जाते. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या खाद्यविषयक पुस्तकाला ‘खमंग’ हे नाव दिले, ते उगाच नव्हे. खमंग, खरपूस, करपट, जळका: भाजण्याच्या या चढत्या पायऱ्यांना मराठीत शब्द आहेत. फक्त ते बेसनाला, खव्याला, भाकरीला लागतात. निव्वळ साखरेला खरपूस म्हणायची आपली जीभ वळत नाही.

येथे राजशेखराच्या पत्नीची, अवंतिसुंदरीची आठवण होते. ज्यातील एकही शब्द बदलता येत नाही ती पाकाची अवस्था, असे वामनाच्या अनुयायांचे मत होते. ती म्हणाली, ही तर असमर्थता झाली; थोर कवींना एकाच आशयासाठी अनेक रचना सुचतात, म्हणून रसाला उचित असणे हाच पाक. आम्ही हे वर्गात सांगतो तेव्हा आता उदाहरण चुलीवरचे देतो. लाडवाला एकतारी, चिरोट्याला दोनतारी, तिळगुळाला गोळीबंद. आणि कॉफीला खरपूस. पाक चुकला की नाही, हे कशासाठी केला यावर ठरते.

खरपूस पाकाची कृती त्या विद्यार्थिनीकडून घेतली आणि आमच्या स्वयंपाकघरांत चार-पाच वेळा करून पाहिली, ती अशी. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. काळ्या कढईत रंग दिसत नाही. 200 ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी, लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे साखरेचे काही प्रमाणात विघटन होते आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. साखर विरघळल्यावर चमचा घालू नये, पातेलेच हलके फिरवावे. एकतारी येते, जाते. गोळीबंद येते, जाते. मग बराच वेळ काही घडत नाही असे वाटते. येथेच आजी दाराशी गेली होती. रंग मधासारखा होतो आणि तेथून तांबूस व्हायला मिनिटही लागत नाही. धूर दिसण्याच्या आत गॅस बंद करून, हात लांब ठेवून, दीडशे मिलिलिटर कडकडीत पाणी थोडे थोडे ओतावे. वाफ जोरात उसळते, लहान मुलांना दूर ठेवावे. गुठळ्या झाल्या तर पुन्हा मंद आचेवर विरघळवाव्यात, चिमूटभर मीठ घालावे, तीन-चार मिनिटे उकळावे. कोमट झाल्यावर जायफळ, वेलदोडा किंवा सुंठ. व्हॅनिलाही चालते, पण जायफळाची आणि कॉफीची मैत्री जुनी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे राहते.

ठाण्याच्या घरी एक प्रयोग असा झाला: ग्लासभर सोड्यात दोन चमचे हा पाक आणि एक चमचा कोकमाचे खारट आगळ. आरंभी आंबट, मध्ये गोड, शेवटी किंचित कडू. राजशेखराच्या नऊ फळांत हे बसेना. डोंबिवलीकराच्या आईने एक घोट घेतला आणि विचारले, “साखर करपली का रे?”