कर्ण्यासमोरची पहिली गायिका

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिलेखक फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास मुक्कामी होता. ८ तारखेस क्लासिक थिएटरातील शशीमुखी व फणीबाला या दोन मुलींचे गाणे मेणावर उतरवून त्याने या देशात तबकडीचा श्रीगणेशा केला. तरी या व्यवसायाची खरी जयंती मानावयाची ती तीन दिवसांनंतरची, ज्या दिवशी गौहर जान कर्ण्यासमोर उभी राहिली ती, ११ नोव्हेंबर ही तारीख होय.

विजेचा ध्वनिग्राहक उपयोगात येण्यास अद्याप दोन तपांचा अवकाश होता. गळ्यातून निघालेला नाद कर्ण्यात शिरून सुईला हलवील आणि सुई मेणावर रेघ ओढील, एवढाच काय तो सारा इतमाम. जी ठुमरी मैफलीत रात्र चढेल तशी उलगडत जायची, ती दोन-तीन मिनिटांत आरंभ, विस्तार आणि समाप्ती यांसह बसवावयाची; आणि तबकड्या छापण्यासाठी मेणाचे साचे जर्मनीतील हानोव्हर येथे रवाना होत असल्यामुळे, तेथील अनभिज्ञ कारागिरांस ओळख पटावी म्हणून गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारावयाचे! आझमगडास जन्मलेल्या, आर्मेनियन वंशाच्या या स्त्रीने हे बंधन इतक्या सहजतेने पेलले, की तीन मिनिटांच्या गायनाचा घाट प्रथम तिने घडविला, असे मी निःशंकपणे म्हणेन. पुष्कळ उस्ताद ज्या यंत्रास बिचकले, त्याचा स्वीकार कोठीवरच्या व रंगभूमीवरच्या स्त्रियांनी केला. ज्यांना प्रतिष्ठितांच्या दप्तरी मान नव्हता, त्यांच्यामुळेच त्या काळचा आवाज आपल्या हाती लागला, हे ऋण आपण अद्याप मोकळेपणाने मान्य केलेले नाही. १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि हानोव्हरची फेरी संपली.

मराठी रसिकास मात्र ही तारीख आनंदाइतकीच हळहळही देते. ‘सौभद्रा’तील सुभद्रेच्या भूमिकेने महाराष्ट्रास वेड लावणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले; कर्णा कलकत्त्यास पोहोचला तेव्हा त्या घटनेस पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांचा गळा केवळ वर्णनांत उरला, आणि वर्णन कितीही रसाळ असले तरी त्यातून षड्ज ऐकू येत नाही. भास्करबुवा बखल्यांचे दुःख याहून निराळे. ते १९२२ पर्यंत हयात होते, यंत्र दाराशी आले होते, तरी त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याजवळ नाही. १९१६ च्या ‘स्वयंवरा’स त्यांनी ज्या चाली दिल्या, त्या त्यांच्या शिष्याने, बालगंधर्वांनी, रुक्मिणीच्या भूमिकेत गायिल्या व पुढे तबकड्यांवरही उतरविल्या; बुवांच्या तालमीचा शोध घेणाऱ्यास आज त्या मुद्रिकांकडेच जावे लागते.