ईश्वरगुणचिंतन, नगरी ख्रिस्ती परंपरेतील

बायबलमध्ये सांगितलेल्या ईश्वराच्या गुणांचे मोल जाणून ते मनात, गाण्यात आणि आचरणात जपण्याची अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती समाजाची परंपरा. देवाची प्रीती, पवित्रता, करुणा, न्याय आणि विश्वासूपणा हे तिचे मुख्य विषय. प्रवचनाइतकीच ती भजन, अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून वाढली. ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनामुळे तिला मराठी साहित्यातही स्थान मिळाले.

शास्त्राधार : देवाकडून काय मिळते यापेक्षा देव कसा आहे याला बायबल अधिक मोल देते. निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात देव मोशेसमोर आपली ओळख सांगतो. तो दयाळू आहे, लवकर रागावत नाही, वचनाला जागतो, पण अन्यायाकडे डोळेझाक करीत नाही. पुढचे स्तोत्रकर्ते आणि संदेष्टे या वर्णनाकडे पुन्हा पुन्हा वळतात. ज्ञान, बळ किंवा धन यांचा अभिमान धरू नये. दया आणि न्याय करणारा देव आपल्याला कळला, एवढाच अभिमान धरावा, असे यिर्मया (अध्याय ९) शिकवतो. स्तोत्र १०३ माणसाची क्षणभंगुरता आणि देवाची न संपणारी माया शेजारी ठेवते. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःला आईची उपमा देतो.

नव्या करारात येशू देवाला बाप म्हणायला शिकवतो. मत्तयाच्या १३व्या अध्यायात शेतात पुरलेली ठेव सापडलेल्या माणसाचा दाखला आहे. ते शेत घेण्यासाठी तो आनंदाने सर्वस्व विकतो. पौलही ख्रिस्ताच्या ओळखीपुढे आपला कुळाचा आणि विद्येचा मोठेपणा टाकाऊ मानतो (फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ३). देव प्रीती आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्राचे सार. त्या प्रीतीची सर्वांत मोठी खूण म्हणजे वधस्तंभ, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते.

जिल्ह्यातील पार्श्वभूमी : १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे केंद्र काढले आणि १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगर येथेच सुरू झाले. वडाळा, राहुरी अशा गावांमधून मिशनचे काम पसरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक जेझुइट धर्मगुरूही जिल्ह्यात आले. मंडळीत येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते.

ही पार्श्वभूमी समजल्याखेरीज येथील लोकांनी बायबलमधून नेमके काय उचलले ते कळत नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना पक्षपात न करणारा देव भेटला. मिसर देशात राबणाऱ्या गुलामांचा आक्रोश ऐकणारा निर्गमातला देव त्यांना आपला वाटला. १८७६–७८ चा दुष्काळ आणि १८९९–१९०० चा छप्पनचा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला. शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या शेवटी म्हणतो. अवर्षणाच्या या मुलखात त्या श्रद्धेची पारख प्रत्यक्ष जगण्यात होत होती. सुगी बुडाली तरी देव बुडवत नाही, हा विश्वासूपणा म्हणूनच येथे प्राणापलीकडे जपला गेला.

भजन आणि कीर्तन : आरंभीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हटली जात. हेन्री बॅलंटाइन या मिशनऱ्याने अशी बरीच गीते मराठीत आणली. पण देवाची गोडी मनात मुरली ती देशी चालींमुळे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी वृत्तांत आणि रागदारीच्या चालींत पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. बायबलमधील आख्यान निवडायचे, मधूनमधून पदे गायची आणि श्रोत्यांना धरून ठेवायचे, हे कीर्तनाचे अंग त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले. उधळ्या पुत्राच्या कथेतून बापाची क्षमा आणि हरवलेल्या मेंढराच्या कथेतून देवाची ओढ वाचता न येणाऱ्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचली. टाळ, मृदंग, पेटी यांच्या साथीने म्हटलेली भजने मुखोद्गत झाली. ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातून ती मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) : जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. येथे त्यांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले.

तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. वारकरी संतांनी विठ्ठलाशी जे नाते जोडले, त्याच जवळिकीने त्यांनी ख्रिस्ताला माउली, सखा आणि गुरू म्हणून आळवले. देवाची पवित्रता त्यांनी दूर सारली नाही, पण धाकापेक्षा लोभ पुढे आणला. ‘अभंगांजली’तील रचनांत पापाची खंत आहे आणि क्षमा मिळाल्याचा मोकळा आनंदही आहे. फुलामुलांवरील त्यांच्या कविताही याच श्रद्धेतून आल्या : निर्मात्यावरील प्रीती त्याच्या निर्मितीवरही जडते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंगत स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) : पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. सोवळेओवळे त्यांच्या मनात खोल रुजलेले होते. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे मनाला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. देवाच्या निःपक्षपातीपणाचे मोल त्यांना असे आधी पंक्तीत कळले. अनाथ मुलांना त्यांनी आपल्या घरात आसरा दिला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीतील अव्वल ग्रंथांत गणले जाते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांच्या निधनाने अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी बहुतेक सारे अध्याय लिहून ते पुरे केले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’नंतरची मराठीतील ही मोठी ओवीबद्ध ख्रिस्तकथा होय.

उपासना आणि आचरण : प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना, घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा आणि शास्त्रपठण यांतून ही परंपरा चालते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात यांपैकी अनेक मंडळ्या सामावल्या. कॅथलिक समाजात मिस्सा आणि मरियेची भक्ती यांना महत्त्व आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा दर सप्टेंबरला भरते आणि तेथे इतर धर्मांचे भाविकही येतात. लूकच्या शुभवर्तमानातील मरियेचे गीत दीनांना उंचावणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे स्तवन करते. प्रॉटेस्टंट भजनांतला न्यायी, कनवाळू देव तो हाच.

देवाचे गुण गाणाऱ्याने ते अंगी बाणवावेत, ही अपेक्षा बायबलमध्येच आहे. सिंथिया फरार यांनी नगरमध्ये चालवलेल्या मुलींच्या शाळा, विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. रूथ ह्यूम यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेले रुग्णालय आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय ही त्या अपेक्षेची ठळक उदाहरणे आहेत.

महत्त्व : देवाला जवळचा मानण्याची मराठी संतांची रीत आणि इतिहासात कृती करणारा, न्यायी देव हा बायबलचा विचार नगर जिल्ह्यात एकत्र आले. या मेळामुळे परक्या मिशनने आणलेला धर्म माजघरातल्या भाषेत बोलू लागला. या परंपरेने धन, प्रतिष्ठा आणि कुळ यांच्यापेक्षा देवाच्या स्वभावाची ओळख श्रेष्ठ मानली. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांना तिने अशी ठेव दिली, जी कोणी सावकार जप्त करू शकत नव्हता आणि कोणतीही जातपंचायत नाकारू शकत नव्हती.