पाहुणी आजी आणि लंडनच्या आजीबाई

क्रॉयडनच्या वेल्सली रोडवरचं लूनर हाऊस तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. होम ऑफिसची ती उंच, करडी इमारत. तिथल्या कारभाराचा एक नियम आपल्या आजच्या विषयाला थेट भिडतो. तुमची आजी भारतातून भेटीच्या व्हिसावर आली, तर एका वेळी फार तर सहा महिने राहू शकते. कायमची राहायला यायची असेल, तर जुलै २०१२ पासून नियम असा, की वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांनाही तिला दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत तिकडे मिळणं शक्य नाही, हे सिद्ध करावं लागतं. थोडक्यात, जी सगळ्यांचं करते ती पाहुणी. तिचंच कुणीतरी करायची वेळ आली, तरच अर्जाचा विचार!

पूर्वी असं नव्हतं. १९६२चा कायदा येईपर्यंत भारतातून इथे यायला व्हिसा लागत नसे. त्याच काळात विदर्भातल्या राधाबाई बनारसे लंडनला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. पहिला नवरा वारलेला, पदरी मुली. लंडनमध्ये राहणाऱ्या सीतारामपंत बनारसे यांच्याशी दुसरं लग्न झालं आणि त्या इकडे आल्या. पुढे तेही गेले, आणि राहतं घरसुद्धा सुटलं.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. स्वयंपाक. लंडनच्या उत्तरेला, गोल्डर्स ग्रीनमधल्या हूप लेनवर त्यांची खानावळ आणि भाड्याच्या खोल्या सुरू झाल्या. युद्ध संपून वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं, मांसावरचं तर १९५४ पर्यंत. शिकायला आलेल्या मराठी पोरांना पोळी-भाजी मिळण्याचं ठिकाण म्हणजे आजीबाईंचं घर. एका घराची पुढे अनेक घरं झाली. सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ हे पुस्तक लिहिलं म्हणून हे सगळं आपल्याला कळतं. नाहीतर निरक्षर बाईचे कागद मागे राहणार कुठून?

मला मात्र ‘आजीबाई’ या हाकेबद्दल थोडं बोलायचंय. हाक प्रेमाची आहे, वाद नाही. पण तिच्यामुळे हिशेब झाकला जातो. राधाबाई भाडं घेत होत्या, जेवणाचे पैसे घेत होत्या, मालमत्ता उभी करत होत्या. जेवू घालणं हा त्यांचा धंदा होता, आणि त्यांनी तो परक्या देशात, परक्या भाषेत चालवला. त्याच जागी पुरुष असता तर आपण त्याला बिनदिक्कत उद्योजक म्हटलं असतं. बाईने केलं की त्याची ‘माया’ होते, आणि मायेचे तास कुणी मोजत नाही. व्हिसाचा अर्जही नाही.

तुमच्या आजीची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करणार असाल, तर प्रश्न जरा जपून निवडा. किती माणसांचा स्वयंपाक असायचा? पहाटे किती वाजता उठायचीस? आजारी सासऱ्यांचं कोण करायचं, आणि किती वर्षं? पैसे कुणाच्या हातात असायचे? नुसतं “तू काय काम करायचीस?” असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं आहे: “काही नाही रे, घरीच होते.”