बाबरियाच्या जंगलातील काळोख

आमचे शिक्षण आईच्या बिडीच्या सुपाजवळ झाले. तेव्हा चित्रकलेवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आमच्यापाशी उत्तर नाही. परंतु ज्या चित्रकाराविषयी बोलावयाचे, तो आपल्या शेजारचाच. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून येते. त्याला लागून मंडला. तेथील बाबरिया या जंगलातल्या खेड्यात २२ फेब्रुवारी १९२२ रोजी सय्यद हैदर रझा जन्मले. भंडारा आणि मंडला १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते.

वडील जंगलखात्यात. रात्रीचे जंगल मुलाला भिववी. गोंडांचा नाच, उजाडलेली सकाळ आणि बाजाराचा दिवस धीर देत. शाळेत लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसविले. पुढे नागपूरची कलाशाळा, मुंबईचे जे. जे., १९४७ साली प्रोग्रेसिव्ह मंडळी आणि १९५० मध्ये पॅरिस. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली. हे भारताचेच नागरिक राहिले. १९५६ साली त्यांना पॅरिसच्या समीक्षकांचे पारितोषिक लाभले.

गंमत अशी, की तेथे त्यांनी प्रथम रंगविली ती फ्रान्समधील खेडी, तैलरंगाचे जाड थर देऊन. पुढे त्या थरांत घरे विरघळत गेली. छप्पर की ज्वाळा, हे कळेनासे झाले. उरला तांबडा, पिवळा आणि काळा. सत्तरच्या सुमारास त्या काळ्यातून बाबरिया परत आले. झाड म्हणून झाड दिसत नाही. झाडाखालची रात्र मात्र दिसते. पुढे तो ठिपकाही 'बिंदू' होऊन आला.

चित्रातला मजूर मजुरासारखाच दिसला पाहिजे, यासाठी आम्ही युनियनच्या बैठकींत वर्षानुवर्षे भांडलो. फलक रंगविणाऱ्या पोरांना नावे ठेवली. पण उद्या कोणी म्हणाले, तुमच्या आईचे चित्र काढू, सांगा कशी होती, तर आम्ही काय सांगणार? तिचा फोटो नाही. चेहरा आठवत नाही. आठवतो कंदिलाचा पिवळा डाग, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तेंदूपानांचा काळसर हिरवेपणा, सुपावर हलणारी बोटे. आणि कट्टे छाटून परत आले, की घरात पसरणारा एक राखी रंग. त्या राखीला आकार नव्हता. मजुरी मात्र खरीच बुडत होती.

रझा २०१० च्या अखेरीस कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यास आणून वडिलांच्या कबरीशेजारी पुरले.